वीर्यतपासणीपासून पाणीतपासणीपर्यंत

वर्षभर नियमित संबंध असूनही गर्भधारणा झाली नाही, तर पती-पत्नी दोघांच्याही तपासण्या एकाच वेळी सुरू कराव्यात, असा वैद्यकशास्त्रातील साधा संकेत आहे. आमच्या डॉक्टरांनी तो कटाक्षाने पाळला आणि पहिल्याच भेटीत पत्नीच्या चाचण्यांच्या चिठ्ठीबरोबर माझ्या हातात वीर्यतपासणीची चिठ्ठी ठेवली. पुरुषाची ही पहिली तपासणी वेदनारहित असते आणि एका दिवसात आटोपते, तरीही पुष्कळ जोडप्यांत ती सर्वांत शेवटी होते. या उरफाट्या क्रमाचे मला आजही नवल वाटते.

नमुना देण्यापूर्वी किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस वीर्यस्खलन टाळायचे असते. नमुना शक्यतो प्रयोगशाळेतच द्यावा, घरून आणायचा असल्यास तो अंगाजवळ, शरीराच्या तापमानाला ठेवून तासाभराच्या आत पोहोचवावा, आणि त्यातील काही भाग सांडला असल्यास ते लपवू नये, अशा सूचना होत्या. शेवटची सूचना वाचून हसू येते. परंतु वीर्याचा पहिला अंश शुक्राणूंनी सर्वांत समृद्ध असल्यामुळे तोच गमावला तर अहवाल भलताच येतो, हे कळल्यावर तिचे महत्त्व पटते.

माझ्या अहवालात दर मिलिलिटरमागे ९० लाख शुक्राणू होते, पुढे सरकणाऱ्यांचे प्रमाण २२ टक्के आणि नीट घडणीच्या शुक्राणूंचे प्रमाण ३ टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत यांसाठी अनुक्रमे १ कोटी ६० लाख, ३० टक्के आणि ४ टक्के हे खालचे उंबरठे दिलेले आहेत. हे आकडे कसे आले ते डॉक्टरांनी समजावून सांगितले. ज्यांच्या पत्नींना वर्षभराच्या आत गर्भधारणा झाली अशा पुरुषांचे नमुने चढत्या क्रमाने लावले, तर तळाच्या पाच टक्क्यांपाशी जो आकडा येतो तो हा उंबरठा. म्हणजे त्याच्या खाली असलेला पुरुष वंध्य ठरत नाही आणि वर असलेल्याला हमी मिळत नाही. शिवाय एकाच पुरुषाची शुक्राणूसंख्या दोन नमुन्यांमध्ये कित्येक पटींनी बदलू शकते, त्यामुळे काही आठवड्यांनी दुसरा नमुना द्यावा लागला. तोही साधारण तसाच निघाला.

त्यानंतरची भेट प्रश्नोत्तरांतच गेली. गेल्या तीन महिन्यांत जोराचा ताप आला होता का, धूम्रपान, मद्य, शरीर कमावण्यासाठी घेतलेली संप्रेरके, चालू औषधे, लहानपणी गालफुगी, वृषणाला मार, कामाच्या ठिकाणी उष्णता, रंग, विद्रावके किंवा कीटकनाशके यांचा संपर्क, असे एकामागून एक प्रश्न झाले आणि माझी बहुतेक उत्तरे नकारार्थी होती. शारीरिक तपासणीत वृषणशिरांची सूज आढळली नाही, आणि एफएसएच, एलएच व टेस्टोस्टेरॉन ही संप्रेरके मर्यादेत निघाली. मग डॉक्टरांनी विचारले, “पिण्याचे पाणी कुठले आहे?” मी सांगितले, की बोअरचे पाणी आणि पुरवठ्याचे क्लोरिन मिसळलेले पाणी एकाच टाकीत पडते, बोअरच्या आजूबाजूला शेती आहे आणि घरातील नळ जुने आहेत. त्यांनी रक्तातील शिशाची चाचणी लिहून दिली आणि म्हणाले, “पाणी तपासून घ्या. सापडेलच असे नाही, आणि सापडले तरी तेच कारण आहे असे मी लिहून देऊ शकणार नाही.” या वाक्याचा अर्थ मला पुढच्या काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने उलगडत गेला.

पाण्याच्या नमुन्यात नेमके काय शोधायचे, हे प्रयोगशाळेला आपणच सांगावे लागते. ‘पाणी तपासा’ एवढेच म्हटले तर जंतू, क्षार, जडपणा, आम्लता असे नेहमीचे कोष्टक हाती येते आणि पुरुषाच्या प्रजननाशी ज्यांचा संबंध जोडला जातो ते पदार्थ त्यात बहुधा नसतातच. म्हणून आधी वाचन करणे भाग पडले.

रासायनिक पदार्थामुळे पुरुषाची प्रजननक्षमता जाते याचा सर्वांत निर्विवाद पुरावा डीबीसीपी या सूत्रकृमीनाशकाचा (जमिनीतील, पिकांच्या मुळांना लागणारे बारीक कृमी मारणाऱ्या रसायनाचा) आहे. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप येथील कारखान्यात हे रसायन हाताळणाऱ्या कामगारांच्या लक्षात आले, की आपल्यापैकी कोणालाच अलीकडे मूल झालेले नाही. तपासणी झाली तेव्हा त्यांपैकी बऱ्याच जणांच्या वीर्यात शुक्राणू अत्यल्प होते, तर काहींच्या वीर्यात एकही नव्हता. कामगारांनी आपापसांत बोलताना काढलेला निष्कर्ष शास्त्रज्ञांच्या आधीचा होता, ही बाब मला या सगळ्या वाचनात सर्वांत बोलकी वाटली. हेच रसायन पुढे शेतांखालच्या भूजलात सापडले, १९७९ मध्ये अमेरिकेच्या मुख्य भूमीवर त्याचा वापर थांबवण्यात आला, आणि तरीही ते विहिरींमध्ये दशकानुदशके टिकून राहिले. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे ०.२ मायक्रोग्रॅम आहे. मात्र कारखान्यात श्वासावाटे आणि त्वचेवाटे शरीरात गेलेली मात्रा आणि पाण्यातून जाणारी मात्रा यांत प्रचंड अंतर आहे. कामगारांचे जे झाले ते पाणी पिणाऱ्यांचे होईलच असे म्हणता येत नाही, आणि ही खूणगाठ बांधूनच मी पुढचे सगळे वाचले.

पाण्याच्या अधिक जवळ जाणारे काम अमेरिकी संशोधक शॅना स्वॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे आहे. त्यांनी अमेरिकेतील काही शहरांमधील गर्भवतींच्या पतींचे वीर्य तपासले, तेव्हा शेतीप्रधान मिसूरीतील पुरुषांची शुक्राणूसंख्या मिनिआपोलिससारख्या शहरांतील पुरुषांपेक्षा कमी आढळली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या निबंधात मिसूरीतील कमी प्रतीचे वीर्य असलेल्या पुरुषांच्या लघवीत अलाक्लोर, अ‍ॅट्राझिन आणि डायाझिनॉन (पहिली दोन तणनाशके, तिसरे कीटकनाशक) यांचे अंश अधिक मिळाले. हे पुरुष शेतात फवारणी करणारे नव्हते, त्यामुळे संशोधकांनी पिण्याच्या पाण्याकडे बोट दाखवले. परंतु तो संशय होता, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. अभ्यास लहान होता आणि पाणी त्यात मोजलेलेच नव्हते.

पीएफएएस या चिवट फ्लोरिनयुक्त रसायनांचेही तसेच. २००९ मध्ये डेन्मार्कमधील तरुणांच्या अभ्यासात ज्यांच्या रक्तात ती अधिक होती त्यांच्यात नीट घडणीचे शुक्राणू, ती कमी असलेल्यांच्या तुलनेत, निम्म्याहून कमी आढळले. त्याच गटाने नंतर अधिक तरुण तपासले तेव्हा वीर्यावर तसा ठळक परिणाम दिसला नाही. गर्भनिरोधक गोळ्यांतील इस्ट्रोजेनबद्दल फार बोलले जाते. कॅनडातील एका प्रायोगिक तलावात २००१ ते २००३ या काळात हे संप्रेरक लिटरमागे जेमतेम ५ ते ६ नॅनोग्रॅम इतके सोडल्यावर मिनो जातीच्या माशांचे नर मादीसारखी प्रथिने तयार करू लागले आणि ती प्रजा तलावातून जवळजवळ नाहीशी झाली. प्रयोग खरा आहे आणि धडकी भरवणाराही. पण मासा चोवीस तास त्या पाण्यात श्वास घेतो, तर शुद्ध केलेल्या पिण्याच्या पाण्यात हे प्रमाण त्याहून पुष्कळ कमी असते. माझ्या यादीतून मी इस्ट्रोजेन वगळले.

यादीत राहिले ते शिसे, कॅडमियम, आर्सेनिक, नायट्रेट, परिसरात फवारली जाणारी तणनाशके व कीटकनाशके, आणि क्लोरिनची पाण्यातील सेंद्रिय द्रव्याशी अभिक्रिया होऊन तयार होणारे ट्रायहॅलोमिथेन. धातू नेमके काय करतात हे समजून घेतल्यावर त्यांचा क्रम मी वर नेला. शुक्राणूच्या डोक्यात गुणसूत्रांचे धागे प्रोटामिन नावाच्या प्रथिनांच्या साहाय्याने अतिशय घट्ट बांधलेले असतात आणि त्या बांधणीला जस्ताचा आधार असतो. शिसे त्या जस्ताची जागा घेऊ शकते. कॅडमियम रक्त आणि वृषणातील शुक्राणूनिर्मितीचा भाग यांच्यामधील संरक्षक पेशीभिंत सैल करते आणि मूत्रपिंडात दशकभराहून अधिक काळ मुक्काम ठोकते, मात्र ते शरीरात येण्याचे मोठे मार्ग पाणी नसून अन्न आणि तंबाखूचा धूर हे आहेत. शुक्राणूच्या आवरणात असंतृप्त मेदाम्ले भरपूर असतात आणि ऑक्सिडीकरणाशी झुंजण्याची त्याच्यापाशी सामग्री मात्र तुटपुंजी असते, त्यामुळे आर्सेनिकसारख्या विषांचा घाव त्याला इतर पेशींपेक्षा लवकर लागतो.

नमुना घेणे हे या प्रक्रियेतील सर्वांत काटेकोर काम ठरले. प्रत्येक घटकासाठी बाटली वेगळी होती. धातूंसाठी नायट्रिक आम्लाचे थेंब टाकलेली प्लास्टिकची बाटली, कारण आम्ल नसेल तर शिसे बाटलीच्या आतल्या अंगाला चिकटून बसते आणि पाण्यात ते कमी असल्याचा भास होतो. कीटकनाशकांसाठी उजेड अडवणारी तपकिरी काचेची बाटली. ट्रायहॅलोमिथेनसाठी बोटाएवढी काचेची कुपी, जिच्यात क्लोरिन निष्प्रभ करणारी पावडर आधीच घातलेली होती. ती भरताना नळाची धार दोऱ्याएवढी बारीक ठेवायची, पाणी कुपीच्या तोंडाशी फुगवटा धरेपर्यंत येऊ द्यायचे, मग झाकण अलगद सरकवून घट्ट करायचे आणि कुपी उलटी धरून बोटाने टिचकी मारायची. एकही बुडबुडा वर चढता कामा नये, कारण हे पदार्थ उडून जाणारे असल्यामुळे ते पाणी सोडून त्या बुडबुड्यात जाऊन बसतात. आमच्या पहिल्या कुपीत मोहरीएवढा बुडबुडा निघाला, तेव्हा तिच्यावर काट मारून दुसरी भरली.

शिशाचे नमुने दोन घेतले. एक पहाटे, रात्रभर नळ न उघडता, नळातून येणाऱ्या पहिल्याच लिटरचा, आणि दुसरा काही मिनिटे पाणी वाहू दिल्यानंतरचा. पहिला जास्त आणि दुसरा कमी आला तर शिसे घरातील नळ, तोट्या आणि सांध्यांच्या डाखातून येत आहे. दोन्ही सारखेच जास्त आले तर दोष स्रोतातच आहे. इतक्या साध्या युक्तीतून इतकी नेमकी माहिती मिळते, हे मला फार आवडले.

अहवाल आला. आर्सेनिक आणि कॅडमियम मर्यादेच्या बरेच खाली होते. नायट्रेट लिटरमागे ७१ मिलिग्रॅम होते, तर जागतिक आरोग्य संघटनेचे मूल्य ५० आहे. पहाटेच्या नमुन्यात शिसे १८ मायक्रोग्रॅम आणि वाहत्या पाण्यात ३ मायक्रोग्रॅम निघाले. त्याची मर्यादा १० मायक्रोग्रॅम. म्हणजे दोष घरातल्या नळांचा होता. ट्रायहॅलोमिथेनचे प्रमाण कमी होते. काही कीटकनाशकांपुढे शून्याऐवजी ‘पेक्षा कमी’ अशी खूण आणि एक आकडा होता. ही खूण नीट वाचायला हवी, कारण तिचा अर्थ ‘नाही’ असा होत नाही. प्रयोगशाळेच्या यंत्राला जेवढे कमीत कमी मोजता येते त्याच्या खाली, एवढाच होतो. ज्या प्रयोगशाळेचे यंत्र भरड, तिचा अहवाल स्वच्छ दिसतो.

अ‍ॅट्राझिन मात्र मोजता आले होते, लिटरमागे ०.४ मायक्रोग्रॅम. हे जास्त की कमी, याचे उत्तर आपण कोणाला विचारतो यावर अवलंबून आहे. युरोपीय संघात कोणत्याही एका कीटकनाशकाची किंवा तणनाशकाची मर्यादा ०.१ मायक्रोग्रॅम आहे, त्यामुळे तिथे माझे पाणी नापास झाले असते. अमेरिकेत अ‍ॅट्राझिनची मर्यादा ३ मायक्रोग्रॅम आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य तर १०० मायक्रोग्रॅम. एकाच पदार्थाच्या मर्यादांमध्ये हजार पटींचे अंतर पडते ते त्यांमागचा विचार निराळा असल्यामुळे: युरोपची मर्यादा ‘पाण्यात कीटकनाशक असूच नये’ या भूमिकेतून आलेली आहे, तर बाकीच्या प्राण्यांवरील प्रयोगांतून काढलेल्या हानिकारक मात्रेवरून मोजलेल्या आहेत. नायट्रेटची मर्यादाही बाटलीच्या दुधावर वाढणाऱ्या तान्ह्या बाळांच्या रक्तातील प्राणवायू घटू नये म्हणून ठरवलेली आहे. पुरुषाचे वीर्य समोर ठेवून ठरलेली मर्यादा या सगळ्या कोष्टकात मला एकही आढळली नाही. म्हणून ‘मर्यादेत आहे’ या शेऱ्यावर मी निर्धास्त झालो नाही आणि ‘मर्यादेबाहेर आहे’ या शेऱ्यावरून वीर्याबाबतचा निष्कर्षही काढला नाही.

रक्तातील शिसे दर डेसिलिटरला ६ मायक्रोग्रॅम निघाले. बॅटरी किंवा शिसे गाळण्याच्या कारखान्यांतील कामगारांवर झालेल्या अभ्यासांत ४० मायक्रोग्रॅमच्या वर शुक्राणूंची संख्या घटते, याविषयी बऱ्यापैकी एकवाक्यता आहे. खालच्या पातळ्यांवर मते विभागली जातात. माझा आकडा त्या मानाने बराच खाली होता. डॉक्टरांनी तो वर्तुळ करून ठेवला आणि पुढे काही बोलले नाहीत.

पाणी सुधारण्याच्या बाबतीत मात्र संदिग्धता नव्हती. उकळण्याने जंतू मरतात, उडून जाणारे ट्रायहॅलोमिथेन कमी होते, पण नायट्रेट आणि शिसे जागेवरच राहतात आणि पाणी आटल्यामुळे त्यांचे प्रमाण उलट वाढते. अतिनील दिवा फक्त जंतूंवर चालतो. कोळशाची गाळणी तणनाशके आणि क्लोरिनपासून तयार झालेले पदार्थ धरून ठेवते, नायट्रेट तिच्यातून सरळ निसटते. आमच्या बाबतीत पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्यासाठी कोळसा आणि आरओ असे दोन्ही टप्पे असलेले यंत्र लागले, आणि जुन्या तोट्या व स्वयंपाकघरापर्यंतचा नळ बदलून घेतला. यंत्र बसवणाऱ्याने खिशातून टीडीएस मीटर काढून आकडा दाखवला आणि पाणी उत्तम असल्याचे जाहीर केले. त्या मीटरला पाण्यात विरघळलेले एकूण क्षार विजेच्या वहनावरून कळतात, लिटरमागे शेकडो मिलिग्रॅम. लिटरमागे १८ मायक्रोग्रॅम शिसे किंवा ०.४ मायक्रोग्रॅम अ‍ॅट्राझिन असले काय आणि नसले काय, त्याचा काटा हलत नाही. म्हणून बदलानंतरचा नमुना पुन्हा प्रयोगशाळेतच पाठवला: नायट्रेट ९ मिलिग्रॅम, पहाटेचे शिसे १ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी, आणि अ‍ॅट्राझिन ‘पेक्षा कमी’ या खुणेखाली.

यानंतर घाई करून उपयोग नव्हता. शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात आणि नंतर अधिवृषणातून (वृषणाला लागून असलेल्या वेटोळ्या नळीतून) पुढे येण्यात आणखी दोनेक आठवडे जातात, म्हणून कुठल्याही बदलाचा परिणाम वीर्यात दिसायला तीन महिने द्यावे लागतात. या काळात जेवण, झोप आणि व्यायाम यांत मी मुद्दाम कोणताही नवा बदल केला नाही, नाहीतर काय कशामुळे घडले याचा माग लागणे आणखी अवघड झाले असते. तीन महिन्यांनंतरच्या नमुन्यात दर मिलिलिटरमागे १ कोटी ४० लाख शुक्राणू होते, पुढे सरकणारे ३१ टक्के आणि नीट घडणीचे पूर्वीइतकेच. रक्तातील शिसे ४ मायक्रोग्रॅमवर आले. रक्तातील शिशाचे अर्धे आयुष्य साधारण महिन्याभराचे असते, पण हाडांत साठलेले शिसे वर्षानुवर्षे झिरपत राहते, त्यामुळे ते एकदम शून्यावर येत नाही.

मला अर्थातच पाण्याला श्रेय द्यायचे होते. डॉक्टरांनी तिन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, “हालचाल सुधारली ही चांगलीच गोष्ट आहे. पण एवढा चढउतार काहीही न करता सुद्धा होतो. तुमच्यासारखे दोनशे जण असते आणि निम्म्यांचे पाणी बदलले असते, तर मी काहीतरी सांगू शकलो असतो.” निदानाच्या रकान्यात त्यांनी ‘कारण अज्ञात’ असेच लिहिले. मला ते रुचले नाही, पण खोडूनही काढता येईना. लोकसमूहाच्या पातळीवर शंका घेण्याजोगा पुरावा आहे. १९७३ ते २०११ या काळात पाश्चात्त्य देशांतील पुरुषांची शुक्राणूसंख्या निम्म्याहून अधिक घटल्याचे २०१७ च्या प्रसिद्ध विश्लेषणाने मांडले आणि त्याच्या पद्धतीवर आक्षेपही घेतले गेले. पण समूहाचा पुरावा एका माणसाच्या अहवालात उतरवून ‘तुमच्या बोअरमुळे’ असे म्हणण्याचे साधन आज वैद्यकाजवळ नाही.

उपचारांच्या दृष्टीने मात्र चित्र बदलले. आधीच्या आकड्यांवर थेट प्रयोगशाळेतील फलनाचा विचार चालू होता. आता शुक्राणू धुऊन गर्भाशयात सोडण्याचा सोपा मार्ग आधी अजमावायचे ठरले. पत्नीच्या तपासण्या व्यवस्थित होत्या. तिने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला: गर्भधारणा झाली तर हे पाणी बाळाला चालेल का? त्यावर मात्र त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, की शिशामुळे गर्भाच्या आणि लहान मुलांच्या मेंदूची हानी होते हे वीर्यावरील परिणामापेक्षा किती तरी भक्कमपणे सिद्ध झालेले आहे आणि त्याची सुरक्षित पातळी माहीत नाही. नायट्रेटचा धोकाही मुख्यतः तान्ह्या बाळालाच असतो. पाणी सुधारण्याचे कारण तेवढेच धरले तरी पुरेसे आहे, असे ते म्हणाले.

आमच्याच बोअरवर शेजारचे कुटुंबही अवलंबून आहे आणि त्यांच्या घरात पाच वर्षांखालची दोन मुले आहेत. दोन्ही अहवालांच्या प्रती त्यांना दिल्या. मुलांच्या रक्तातील शिशाची चाचणी आणि पहाटेच्या पहिल्या लिटरचा नमुना, या दोन गोष्टी त्यांनी आधी करून घ्यायचे ठरवले; बाटल्या आणि आम्लाची व्यवस्था त्याच प्रयोगशाळेने केली आहे.